बॉम्बे हाय: तेल सापडल्यानंतरची गोष्ट

बॉम्बे हायची गोष्ट आपल्याकडे ‘सागर सम्राट’पासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. जपानमध्ये हिरोशिमाच्या मित्सुबिशी गोदीत बांधलेली ही रिग 1973 मध्ये भारताच्या ताब्यात आली, फेब्रुवारी 1974 मध्ये तिने मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर भर समुद्रात तेल शोधले आणि देशभर जल्लोष झाला. पुढे एक रुपयाच्या नोटेवरही तिचे चित्र आले. हा मान रास्तच होता. पण तेल लागल्याची बातमी एका दिवसाची असते. ते तेल पन्नास वर्षे दिवसरात्र, पावसाळ्यातसुद्धा, न थांबता किनाऱ्यावर आणण्याचा इतिहास मात्र आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. बॉम्बे हायचे खरे यशापयश त्यातच आहे, असे माझे मत आहे.

मुळात समुद्रात उतरायचे धाडस आपण केले ते गरजेपोटी. 1960च्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांनी ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या जहाजावरून खंबातच्या आखातात आणि मुंबईसमोरच्या समुद्रात भूकंपलहरींच्या साह्याने पाहणी केली, तेव्हा तळाखाली चुनखडकाचा एक प्रचंड उंचवटा असल्याचे दिसले. हाच पुढचा ‘हाय’. पण तिथे पाण्याची खोली 75 मीटरच्या आसपास, आणि एवढ्या पाण्यात विहीर खोदण्याचा अनुभव आपल्याकडे कुणालाच नव्हता. 1970 मध्ये भावनगरच्या समोर आलियाबेट इथे, उथळ पाण्यात, पहिली विहीर खोदून पाहिली. हाती फारसे काही लागले नाही, पण हात बसला.

मग ऑक्टोबर 1973 चे अरब-इस्रायल युद्ध झाले आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे 3 डॉलरवरून 11-12 डॉलरवर गेला. देशाला लागणाऱ्या तेलापैकी साधारण दोन तृतीयांश आपण आयात करत होतो, आणि परकीय चलनाची गंगाजळी बेताचीच होती. अशा वेळी ‘सागर सम्राट’ला तेल लागले. त्यामुळे पुढचे सगळे निर्णय एकाच प्रश्नाभोवती फिरले: हे तेल लवकरात लवकर बाहेर कसे काढायचे? ही घाई समजून घेतल्याशिवाय पुढची चाळीस वर्षे नीट कळत नाहीत.

21 मे 1976 रोजी, म्हणजे शोधानंतर सव्वादोन वर्षांनी, बॉम्बे हायचे उत्पादन सुरू झाले. तेव्हाच्या भारताची यंत्रसामग्री आणि अनुभव पाहता हा वेग थक्क करणारा होता. मात्र किनाऱ्यापर्यंत पाइपलाइन नव्हती. समुद्रात नांगरलेल्या एका बोयाला टँकर बांधायचा, नळीने तेल भरायचे आणि जहाज बंदराकडे न्यायचे, अशी व्यवस्था होती. आकाश निरभ्र असले की ठीक. जून उजाडला की अरबी समुद्र उसळतो, टँकर बोयाला लावणे जिवावरचे होते, आणि टँकर लागला नाही की विहिरीचा व्हॉल्व्ह आवळावा लागतो, कारण निघालेले तेल ठेवायला भर समुद्रात जागा कुठली? वर्षातले चार महिने हवामानाच्या मर्जीवर चालणाऱ्या उत्पादनावर रिफायनरी चालवता येत नाही.

म्हणून 1978 मध्ये बॉम्बे हायहून उरणपर्यंत समुद्रतळावरून पाइपलाइन आली. तेलासाठी 30 इंच व्यासाची, सुमारे 200 किलोमीटर लांबीची, आणि वायूसाठी 26 इंचांची. नळ तरंगू नये म्हणून त्यावर काँक्रीटचे जाड आवरण देतात. जहाजावर एकेक तुकडा वेल्ड करत, तो मागून पाण्यात सोडत, असे काम चालते. उरण तेव्हा मिठागरांचे, भातखाचरांचे आणि कोळीवाड्यांचे गाव होते. तिथे तेल स्थिर करण्याचा आणि वायू वेगळा करण्याचा प्रकल्प उभा राहिला, जवळच न्हाव्याला सामान पुरवणाऱ्या बोटींचा तळ झाला, आणि तेल खाडीपलीकडे तुर्भे-माहुलच्या रिफायनऱ्यांकडे जाऊ लागले. वायूवर उरणचे वीजकेंद्र चालले, अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्सचा खतकारखाना उभा राहिला. रायगड जिल्ह्याचा आजचा नकाशा बराचसा त्या दोन नळांनी काढला आहे.

इथे थोडे थांबून, समुद्रातून तेल येते म्हणजे नेमके काय होते ते पाहू. बॉम्बे हायचे तेल तळाखाली सुमारे दीड किलोमीटरवर चुनखडकाच्या बारीक छिद्रांत असते. विहिरीतून वर येते ते निव्वळ तेल नसते. तेल, वायू आणि खारे पाणी यांचे ते गरम, फसफसते मिश्रण असते. विहिरींच्या छोट्या प्लॅटफॉर्मवर सहसा कुणी राहत नाही. तिथे फक्त व्हॉल्व्हांचा एक उभा जुडगा असतो, त्याला तेलवाले ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. तिथून तळावरच्या नळातून मिश्रण मोठ्या प्रोसेस प्लॅटफॉर्मवर जाते. समुद्रतळावरून नळ जिथे उभा चढून प्लॅटफॉर्मवर येतो, त्या उभ्या भागाला ‘रायझर’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. प्लॅटफॉर्मवरच्या सेपरेटरमध्ये वायू वर, तेल मध्ये, पाणी खाली असे थर होतात, पाणी बाजूला काढले जाते, वायू कॉम्प्रेसरकडे जातो आणि तेल पंपाने उरणच्या दिशेने ढकलले जाते.

यात अडचणी कुठे येतात? जवळपास सगळीकडे. बॉम्बे हायचे तेल हलके आणि उत्तम प्रतीचे, गंधकही कमी. पण त्यात मेण भरपूर आहे. विहिरीतून गरम निघालेले तेल तळावरच्या गार पाण्यातल्या नळातून जाताना हिवाळ्यातल्या तुपासारखे थिजायला बघते, आणि नळाच्या आतल्या भिंतीवर मेणाचा थर चढत जातो. म्हणून तेलात रसायन सोडायचे, आणि ठरावीक दिवसांनी नळातून ‘पिग’ नावाचा घट्ट बसणारा ठोकळा तेलाच्याच दाबाने पाठवून भिंती खरवडून घ्यायच्या. पिग पलीकडे पोचला की त्याच्या पुढे ढकललेला मेणचट काळा गाळ बाहेर पडतो. तो किती आणि कसा आला यावरून नळाच्या आत काय चालले आहे, ते अनुभवी माणसाला कळते. नळाला दुसरा शत्रू गंज. वायूतला कार्बन डायऑक्साइड आणि खारे पाणी आतून पोलाद खातात, समुद्र बाहेरून खातो. गंजरोधक रसायनाचा पंप आठवडाभर बंद पडला तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. दिसते ते काही वर्षांनी. 14 दिवस समुद्रात आणि 14 दिवस घरी, अशा पाळ्यांत काम करणाऱ्या माणसांचे बहुतेक आयुष्य या न दिसणाऱ्या गोष्टी सांभाळण्यात जाते.

आता पुन्हा इतिहासाकडे. 1979 मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, तेलाचा दुसरा भडका उडाला. त्याच सुमारास आसाम आंदोलनामुळे तिथले तेल बाहेर येणे अडले. साहजिकच दिल्लीची सारी नजर मुंबईच्या समुद्राकडे वळली. प्लॅटफॉर्ममागून प्लॅटफॉर्म उभे राहू लागले. त्यांतले काही माझगाव डॉकने बांधले. 1982 च्या जुलैअखेरीस ‘सागर विकास’ रिगवर विहिरीचा भडका उडून आग लागली, तरी वेग कमी झाला नाही. 1980-81 मध्ये देशाचे एकूण तेल उत्पादन साधारण 1 कोटी 5 लाख टन होते. 1984-85 मध्ये ते 2 कोटी 90 लाख टनांवर गेले, आणि त्यातला सुमारे दोन तृतीयांश वाटा मुंबईच्या समुद्राचा होता. 1980च्या दशकात एकट्या बॉम्बे हायने दिवसाला 4 लाख 70 हजार पिंपांच्या घरात मजल मारली. सरकारी जाहिरातींत ‘स्वयंपूर्णता’ हा शब्द तेव्हा सर्रास दिसे.

पण जमिनीखालचा साठा जाहिराती वाचत नाही. तेल निघते ते दाबामुळे. तेल काढत गेले की दाब उतरतो, आणि तो राखायचा तर काढलेल्या तेलाच्या जागी पाणी भरावे लागते. समुद्राचे पाणी उपसून गाळायचे, त्यातला प्राणवायू काढायचा, जिवाणू मारायचे आणि प्रचंड दाबाने ते खडकात ढकलायचे. हे काम बॉम्बे हायच्या उत्तर भागात 1984 मध्ये आणि दक्षिण भागात 1987 मध्ये सुरू झाले. उत्पादन सुरू झाले होते 1976 मध्ये. मधल्या काळात भरपूर तेल काढले गेले, दाब उतरला, आणि तेलावर साचलेला वायू विहिरींत घुसू लागला. विहिरी तेलाऐवजी वायू ओकायला लागल्या की त्या बंद ठेवाव्या लागतात. शिवाय तेलाबरोबर येणारा वायू वापरायला पुरेसे कॉम्प्रेसर आणि गिऱ्हाईक नव्हते, म्हणून त्यातला मोठा हिस्सा प्लॅटफॉर्मच्या टोकाशी नुसता जाळला जात होता. एकीकडे स्वयंपाकाच्या गॅससाठी घरोघर प्रतीक्षायादी, आणि दुसरीकडे समुद्रात रात्रंदिवस ज्वाळा.

हिशेब लवकरच समोर आला. 1989-90 मध्ये देशाचे तेल उत्पादन 3 कोटी 40 लाख टन होते. 1992-93 मध्ये ते 2 कोटी 70 लाख टनांवर घसरले. या घसरणीचा मोठा भाग मुंबईच्या समुद्रातला होता. आणि ती झाली तीही नेमकी आखाती युद्धाच्या, सोने गहाण टाकण्याच्या दिवसांत. 1991 च्या संकटाला बॉम्बे हाय एकटे जबाबदार होते असे कुणी म्हणणार नाही. पण आयातीचे बिल फुगत असताना घरचा नळ बारीक झाला, हे खरे. अभियंत्यांना पाणी भरण्याचे महत्त्व माहीत नव्हते, असे समजण्याचे कारण नाही. दरवर्षीचे उद्दिष्ट गाठण्याच्या दडपणाखाली साठ्याच्या आरोग्याचा खर्च पुढे ढकलला गेला, आणि माझ्या मते हा निर्णय तेलक्षेत्रात नाही, तर दिल्लीच्या आकडेवारीत झाला.

नळांचेही वय होत होते. 17 मे 1993 रोजी बॉम्बे हायहून उरणला येणारा नळ फुटला आणि हजारो टन तेल समुद्रात सांडले. तेलाचा तवंग मुरुडच्या किनाऱ्यावर आला. समुद्रातले तेल आपल्या वाळूत येऊ शकते, हे कोकणाला तेव्हा पहिल्यांदा एवढ्या जवळून दिसले. जानेवारी 2011 मध्ये मुंबई-उरण मुख्य नळाला पुन्हा गळती लागली. दरम्यान 2000-01 पासून बॉम्बे हायच्या पुनर्विकासाचे मोठे काम हाती घेतले गेले. जुन्या विहिरींतून आडव्या शाखा खोदल्या, नवे प्लॅटफॉर्म उभे केले, आणि पुढे जुने नळ टप्प्याटप्प्याने बदलायला घेतले. घसरण थांबली नाही, पण तिचा वेग कमी झाला.

आणि मग 27 जुलै 2005. आदल्याच दिवशी मुंबईत 26 जुलैचा महापूर आला होता. बॉम्बे हाय नॉर्थ, म्हणजे बीएचएन, हा 1981 मध्ये बांधलेला सात मजली प्रोसेस प्लॅटफॉर्म. दिवसाला सुमारे 80 हजार पिंप तेल त्याच्यावरून जात होते. त्याला पुलांनी जोडलेले शेजारचे प्लॅटफॉर्म होते, त्यांत माणसांच्या राहण्याचाही एक होता. जवळच ‘समुद्र सुरक्षा’ हे पाणबुड्यांच्या कामाचे जहाज होते. त्यावरच्या एका स्वयंपाक्याच्या दोन बोटांची टोके कापली गेली. त्याला वैद्यकीय मदत हवी होती, पण हवामानामुळे हेलिकॉप्टर उडू शकत नव्हती. तेव्हा त्याला क्रेनच्या पाळण्यातून बीएचएनवर चढवायचे ठरले. सोयीच्या बाजूची क्रेन चालत नव्हती, म्हणून जहाज वाऱ्याच्या बाजूने आणले. जवळ येताना त्याच्या एका थ्रस्टरने दगा दिला, आणि मग हाताने चालवत, पाठमोरे, ते प्लॅटफॉर्मच्या कडेला आणावे लागले. जखमी माणूस सुखरूप वर गेला. त्यानंतर लाटांनी जहाजाला प्लॅटफॉर्मवर लोटले आणि मागच्या हेलिपॅडची कड बाहेरच्या रायझरवर आदळली.

रायझर फुटला, वायू सुटला आणि पेटला. नळांत किलोमीटरगणिक साठलेले तेल-वायू आगीला खाद्य पुरवत राहिले. बीएचएनचे रायझर सांगाड्याच्या बाहेरच्या अंगाला होते, आणि त्यांना वाचवणारे कठडे लहान पुरवठा बोटींच्या धडकेचा विचार करून केलेले होते. आगीचा लोळ असा पसरला की आठपैकी दोनच बचावनौका उतरवता आल्या, आणि दहापैकी एकच तराफा. दोन तासांत सात मजली प्लॅटफॉर्म कोसळून समुद्रात गेला. परिसरात 384 माणसे होती. त्यांतली 362 वाचली, 22 गेली. नौदल, तटरक्षक दल आणि आसपासच्या बोटींनी त्या अंधारात, त्या लाटांत केलेले काम अपार मोलाचे होते. ‘समुद्र सुरक्षा’वर सहा पाणबुडे दाबाच्या बंद कोठडीत होते. अशा कोठडीतून झटकन बाहेर पडता येत नाही, शरीर सावकाश मूळ दाबावर यावे लागते. जहाज सोडून बाकी सगळे गेले, ते सहाजण आतच राहिले. 36 तासांनी त्यांना बाहेर काढले. 1 ऑगस्टला ‘समुद्र सुरक्षा’ बुडाले.

कापलेल्या बोटांनी प्लॅटफॉर्म बुडवला, असे तेव्हा म्हटले गेले. मला ते वाक्य दिशाभूल करणारे वाटते. बोट कापणे हा अपघात होता. क्रेन बंद असणे, रायझर उघड्यावर असणे, मोठ्या जहाजाने तिथे यावे की नाही याचा नियम ढिला असणे, यांतले काहीच त्या दिवशी घडले नव्हते. ते सगळे आधीपासून तिथे होते. हे क्षेत्र चालवणाऱ्या ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने काही आठवड्यांतच विहिरींचे तेल दुसऱ्या नळांनी वळवून बरेचसे उत्पादन पुन्हा सुरू केले. अभियांत्रिकी म्हणून ती कामगिरी मोठी होती. 2008 मध्ये समुद्रातल्या तेलकामांसाठी स्वतंत्र सुरक्षा नियम झाले आणि तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे त्यांची अंमलबजावणी आली. उत्पादन सुरू झाल्यानंतर बत्तीस वर्षांनी.

नियम झाले, तरी समुद्राचे वेळापत्रक बदलत नाही. नळ बदलणे, प्लॅटफॉर्मची डागडुजी, वेल्डिंग ही कामे ऑक्टोबर ते मे एवढ्याच काळात होतात. पावसाळ्यापूर्वी शेवटचा आठवडा पदरात पाडून घ्यायचा मोह सगळ्यांनाच असतो. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळाचा इशारा आला, तेव्हाही अशाच कामांवरच्या शेकडो माणसांना घेऊन तरंगत्या बार्ज क्षेत्रातच होत्या. 17 मे रोजी पी-305 ही बार्ज बुडाली. तिच्यावर 261 जण होते. नौदलाने त्यांतल्या 186 जणांना वाचवले. गेलेले बहुतेक कंत्राटी कामगार होते: वेल्डर, फिटर, मदतनीस. तेल वाहते ठेवण्याच्या कामात सगळ्यात धोक्याचा वाटा ज्यांच्या पदरी येतो, त्यांची नावे कुठल्याही नोटेवर छापली जात नाहीत.

आज देशात वापरल्या जाणाऱ्या तेलातले जवळपास सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी टक्के आपण आयात करतो, 1974 मध्ये होते त्याहून कितीतरी अधिक. म्हणून बॉम्बे हायचे आजचे दिवसाला 1 लाख 34 हजार पिंपांच्या आसपासचे उत्पादनही मोलाचे आहे. जानेवारी 2025 मध्ये ओएनजीसीने या क्षेत्रासाठी तांत्रिक सेवा पुरवणारी कंपनी म्हणून ब्रिटनच्या बीपीची निवड केली. दहा वर्षांत उत्पादन लक्षणीय वाढवणे हे उद्दिष्ट, आणि सुरुवातीच्या काळानंतर मोबदला वाढीव उत्पादनाशी जोडलेला. परदेशी कंपनी आली म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही, पहिली पाहणीही परदेशी जहाजावरूनच झाली होती. प्रश्न वेगळा आहे. वाढीचा टक्का जाहीर करताना साठ्याचा दाब, नळांचे वय आणि मे महिन्यात समुद्रात किती माणसे आहेत, हे आकडेही दर वर्षी जाहीर झाले पाहिजेत. संसदेत आणि वर्तमानपत्रांत ते मागणे आपले काम आहे.